तुटलेलं अक्षर बघून कारण ओळखा: ‘बालू’मधलं मराठी छपाईत मोडत असेल तर

गेल्या भाद्रपदात आमच्या दुकानातून एका गणेशोत्सव मंडळाचा फलक गेला. मजकूर दोनच शब्दांचा, बाळगोपाळांसाठी: ‘चित्रकला स्पर्धा’. फॉन्ट बालू, त्यातलाही सगळ्यात जाड, पिवळ्यावर जांभळा. माझ्या स्क्रीनवर अक्षरं कशी गुबगुबीत, हसरी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परळच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स बांधला, तेव्हा ‘चि’ची वेलांटी च ला सोडून त च्या डोक्यावर चढलेली, ‘त्र’मधला त पाय मोडून वेगळा उभा, आणि ‘स्पर्धा’तला रफार खाली उतरून सुटा र झालेला. मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. “ताई, शाळेतली मुलं थांबून वाचायला बघतायत, पण त्यांना लागतच नाहीये हो.” स्पर्धा मुलांची, फलक मुलांसाठी आणि तोच मुलांना वाचता येऊ नये, हे मला फार लागलं.

असं एकदाच झालं असतं तर लिहायला बसले नसते. जूनमध्ये शाळा सुरू होताना, दहीहंडीच्या टी-शर्टांच्या वेळी, गणपतीत, उन्हाळी शिबिरांच्या पत्रकांवर, दरवेळी कोणी ना कोणी हीच तक्रार घेऊन येतं आणि निदानही ठरलेलं असतं: “फॉन्टच खराब आहे, दुसरा लावा.” मग बिचारा बालू काढून कुठलातरी जुना फॉन्ट चिकटवला जातो. दहातल्या नऊ वेळा दोष फॉन्टचा नसतो. अक्षर कसं तुटलंय ते नीट बघितलं तर कारण तिथल्या तिथे कळतं, कारण प्रत्येक चुकीची मोडतोड वेगळी दिसते. म्हणून फ्लेक्सवाल्याला फोन करण्याआधी मोडलेल्या शब्दाचा जवळून फोटो मागवा आणि खाली त्याच्याशी जुळणारा प्रकार शोधा.

आधी फॉन्टची ओळख, थोडक्यात. बालू हा आपल्या मुंबईतल्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला फॉन्ट. जाड, टोकं गोलावलेली, थोडा खेळकर, मथळ्यांसाठी घडवलेला. पहिला बालू एकाच जाडीत आला. पुढे ‘बालू २’ आला, त्यात रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड अशा पाच जाड्या आहेत. तो खुल्या परवान्यावर आहे, म्हणजे धंद्याच्या कामात, पाटीवर, पाकिटावर पैसे न भरता वापरता येतो. बालवाडी, खाऊची पाकिटं, खेळण्यांची वाचनालयं, आइस्क्रीमची गाडी, अशा ठिकाणी तो शोभतो. श्रद्धांजलीच्या फलकावर तो मी लावत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. दुःखाच्या शब्दाला हसरं अक्षर लावलं की वाचणाऱ्याला टोचतं.

वेलांटी सरकली, रफार पडला, जोडाक्षरांचे पाय मोडले

आमच्या फलकाचं हेच झालं होतं. याचं कारण देवनागरीच्या घडणीत आहे. आपण ‘चि’ टाइप करतो तेव्हा संगणक आधी च साठवतो आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. दिसताना मात्र ती वेलांटी च च्या आधी यायला हवी. ‘स्पर्धा’त साठवताना र आधी आणि ध नंतर, दिसताना रफार ध च्या डोक्यावर. ही उलटापालट कशी करायची याचे नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असतात, पण ते वाचून अंमलात आणणं हे सॉफ्टवेअरचं काम. सॉफ्टवेअरला ते वाचता येत नसतील तर ते साठवलेल्या क्रमानेच अक्षरं एकापुढे एक ठेवून देतं. बालूच्या जागी दुसरा कुठलाही युनिकोड फॉन्ट (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीचा) लावून बघा, वेलांटी तिथेही सरकलेलीच दिसेल.

मुंबईतल्या छोट्या छपाईवाल्यांकडे अजूनही फलकांची मांडणी करायचं जुनं कोरल ड्रॉ सॉफ्टवेअर चालतं. देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवण्याची सोय कोरलमध्ये एक्स ६ पासून आली, २०१२ साली. त्याआधीच्या आवृत्तीत तुमची फाइल उघडली की मराठी मोडणारच. त्यामुळे एकच नियम पाळा: मजकूर पक्का झाला की कर्व्ह करून पाठवा. कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू, इलस्ट्रेटर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो, आणि आकार कुठल्याही आवृत्तीत तसाच उघडतो. फक्त मूळ, बदलता येणारी फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. मंडळाच्या कामात शेवटच्या रात्री एक तरी प्रायोजक वाढतो, आणि कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये त्याचं नाव टाइप करता येत नाही.

पीडीएफ पाठवली म्हणजे सुटलो, असं समजू नका. छापणारा ती पीडीएफ कोरलमध्ये आणतो तेव्हा समोर प्रश्न येतो, मजकूर मजकूर म्हणून आणायचा की कर्व्ह म्हणून. घाईत पहिला पर्याय दाबला गेला की पुन्हा तेच. आमच्या त्या फलकाला नेमकं हेच झालं होतं: मी पाठवलेली पीडीएफ ठीक होती, पण आतला मजकूर जिवंत होता. चूक माझ्याही बाजूला होती. आता पीडीएफमध्येही कर्व्हच जातात. कॅनव्हामधून काम करत असाल तर डाउनलोड करताना पीडीएफ फ्लॅटन करण्याची खूण लावा, म्हणजे मजकुराचं चित्र होऊन जातं. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि गोल टोकांच्या कडा खडबडीत होतात.

तुमच्या स्वतःच्याच स्क्रीनवर मराठी मोडत असेल तर सॉफ्टवेअरमधली सेटिंग बघा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात इंडिक पर्याय दाखवण्याची खूण असते, ती लावून मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूमधून दक्षिण आशियाई भाषांचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, निवडायचा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. फोटोशॉपच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसमधलं टेक्स्ट इंजिन बदलावं लागतं, आणि ते बदलल्यावर नवीन घेतलेल्या मजकुरालाच लागू होतं. आधीपासून मोडून पडलेला मजकूर खोडून पुन्हा चिकटवा.

गोल गोल इंग्रजी अक्षरांची खिचडी, किंवा रिकामे चौकोन

बालू लावल्यावर मराठीऐवजी जाडजूड इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं दिसू लागली, तर मजकूर जुन्या पद्धतीने टाइप केलेला आहे. श्रीलिपी, कृतीदेव, पूर्वीचे डीव्हीबी फॉन्ट यांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फॉन्ट बदलला की मुखवटा निघतो आणि खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. बालूमध्ये इंग्रजी अक्षरंही आहेत, म्हणून ती अगदी बालूच्या थाटात दिसतात आणि माणूस गोंधळतो. अशा मजकुराला आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ या तीन ठिकाणी ते हमखास चुकतात. मजकूर आठ-दहा ओळींचाच असेल तर सरळ पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

चौकोनांचं कारण वेगळं. बालू नऊ भारतीय लिपींत आहे, पण एकाच फाइलमध्ये नाही. प्रत्येक लिपीचं वेगळं कुटुंब आहे आणि नावंही किती प्रेमाने ठेवली आहेत: गुजरातीचा बालू भाई, गुरुमुखीचा पाजी, बंगालीचा दा, तमिळचा थंबी, मल्याळमचा चेट्टन. प्रत्येक भाषेत भावाला हाक मारावी तसं. देवनागरीचा मात्र नुसता ‘बालू’. घाटकोपरच्या एका नाश्त्याच्या दुकानाची पाटी करताना मी मराठी आणि गुजराती दोन्ही ओळी ‘बालू २’मध्ये टाकल्या होत्या. मराठी देखणी आली, गुजराती ओळ मात्र कुठल्यातरी हडकुळ्या अक्षरात, कारण या फाइलमध्ये गुजराती नव्हतीच आणि संगणकाने आपल्या मनाने दुसरा फॉन्ट घेतला होता. असा दुसरा फॉन्ट मिळाला नाही की रिकामे चौकोन येतात. गुजराती ओळीला ‘बालू भाई २’ लावला आणि दोन्ही ओळी सख्ख्या भावंडांसारख्या दिसायला लागल्या. मुंबईत तीन लिपींची पाटी रोजची आहे, त्यामुळे हव्या त्या लिपींची कुटुंबं एकदाच उतरवून ठेवा.

फाइल उघडताना ‘फॉन्ट मिसिंग’ असा संदेश आला तर नाव नीट वाचा. जुन्या फाइलीत ‘बालू’ असतं, नव्या संगणकावर ‘बालू २’. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे फॉन्ट आहेत. एकाच्या जागी दुसरा लावला की ओळी हलतात, म्हणून बदलल्यावर पूर्ण मांडणी पुन्हा बघा.

स्क्रीनवर जाड, छापून आलं बारीक

ही तक्रार अलीकडे वाढली आहे. गूगल फॉन्ट्सवरून ‘बालू २’ उतरवला की त्यात एक व्हेरिएबल फाइल येते, जिच्यात पाचही जाड्या एकत्र असतात, आणि एक स्टॅटिक नावाचा फोल्डर येतो, ज्यात प्रत्येक जाडीची वेगळी फाइल असते. नव्या सॉफ्टवेअरला व्हेरिएबल फाइल कळते. जुन्याला कळत नाही, ते फक्त रेग्युलर दाखवतं आणि तुमचा ढोला मथळा एकदम सडपातळ होऊन छापून येतो. छपाईच्या कामासाठी स्टॅटिक फोल्डरमधल्या पाच फाइलीच बसवा. व्हेरिएबल आधीच बसवलेली असेल तर ती काढून टाका, दोन्ही एकत्र राहिल्या की नावांचा गोंधळ होतो.

शिरोरेघेत फटी पडतात, नाहीतर सांधे दिसतात

देवनागरी फॉन्टमध्ये सलग शिरोरेघ नावाची वस्तू नसते. प्रत्येक अक्षर आपला रेघेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर किंचित चढतं, तेव्हा ती आपल्याला सलग दिसते. बालूत ही रेघ जाड आहे, त्यामुळे तिच्यात काही बिघडलं की लांबूनही दिसतं.

फट पडते ती अक्षरांमधलं अंतर वाढवल्याने. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं पसरवायची सवय असते, तीच मराठीला लावली की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळ दोन्ही कडांना भिडवण्याचा पर्याय निवडला तरी काही सॉफ्टवेअर गुपचूप अक्षरांमध्ये जागा भरतं. मराठी मजकुराला अक्षरांतलं अंतर शून्यच ठेवा. ओळ लांबवायचीच असेल तर शब्दांमध्ये जागा वाढवा, नाहीतर अक्षर मोठं करा.

सांध्यांची गोष्ट जास्त त्रासाची. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षर वेगळा आकार होतं, आणि शिरोरेघेचे तुकडे एकमेकांवर चढलेलेच राहतात. साध्या छपाईत हे दिसत नाही. अक्षराला बॉर्डर लावली किंवा रंग थोडा पारदर्शक केला की प्रत्येक जोडावर एक उभी रेघ उमटते. आणि रेडियम कटिंगला फाइल दिली तर मशीन त्या प्रत्येक जोडावर खरोखर कापतं. एका शाळेच्या बसवर ‘किलबिल’ चिकटवायचं होतं. कटिंगवाल्या दादांनी कागद सोलायला घेतला तर अक्षरं एकेक सुटून हातात आली, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेडियमचा एक इवलासा चौकोनी कपटा, जिथे दोन शिरोरेघा एकमेकींवर होत्या तिथला. तो शब्द त्यांना बसवर एकेक तुकडा जुळवून लावावा लागला असता. मी तिथेच बसून फाइल दुरुस्त केली आणि त्यांनी पुन्हा कापलं, पहिला रेडियम वाया गेला.

उपाय एका पायरीचा आहे, पण सगळे विसरतात. कर्व्ह केल्यानंतर पूर्ण शब्द निवडून कोरलमध्ये वेल्ड करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट वापरा. शब्द एकसंध झाला का ते बघायला वायरफ्रेम किंवा आउटलाइन दृश्य लावा. शिरोरेघेत एकही आडवी-उभी छेद देणारी रेघ दिसता कामा नये. व्हेरिएबल फाइलमधून आलेल्या अक्षरांत एकाच अक्षराच्या आतही आकार एकमेकांवर चढलेले सापडतात, तेही वेल्डने मिटतात.

फ्लेक्सवर पांढरी बॉर्डर सगळ्यांना हवी असते, आणि रंगीबेरंगी पार्श्वभूमीवर ती लागतेही. पण वेल्ड आधी, बॉर्डर नंतर. शिवाय बॉर्डर अक्षराच्या मागे जाईल असं करा. कोरलच्या आउटलाइन पेनमध्ये ‘बिहाइंड फिल’ची खूण असते. ती नसेल तर बॉर्डर अर्धी बाहेर आणि अर्धी आत येते, आणि आत आली की पुढचा आजार सुरू होतो.

अक्षराचं पोट भरलं

जाड अक्षरांचा जीव त्यांच्या पोकळीत असतो. ळ मधल्या दोन पाकळ्या, भ ची गाठ, ध चा घुमट, क चं पोट, ‘क्ष’च्या आतली फट, या जागा उघड्या आहेत तोवर अक्षर वाचता येतं. बालूच्या एक्स्ट्राबोल्डमध्ये त्या आधीच अगदी हिशेबाने उरलेल्या असतात. रचनाकाराने काळा भाग किती घालायचा यापेक्षा पांढरा किती वाचवायचा यावर घाम गाळलेला असतो. आपण त्यावर एक बटण दाबतो आणि सगळं बुजवून टाकतो.

ते बटण म्हणजे ‘बी’. मूळ बालूला एकच जाडी आहे. त्याला बोल्ड करायला सांगितलं की सॉफ्टवेअर खरी जाडी आणू शकत नाही, ते अक्षराला सगळीकडून फुगवतं, आतूनही. ‘बाळ’मधल्या ळ चा ठिपका होतो. ‘बालू २’ एक्स्ट्राबोल्डवर बोल्ड दाबलं तरी तेच. त्यामुळे जाडी नेहमी फॉन्टच्या यादीतून निवडा, बटणाने नाही.

आकाराकडेही बघा. दहा फुटी फ्लेक्सवर जे अक्षर राजासारखं दिसतं तेच व्हिजिटिंग कार्डावर पत्त्याला लावलं की शाई पसरून पोटं बंद होतात. स्वस्त, शाई पिणाऱ्या कागदावर तर हमखास. माझी सवय अशी: मथळ्याला एक्स्ट्राबोल्ड, दुसऱ्या ओळीला सेमीबोल्ड, आणि चौदा पॉइंटच्या खाली आलं की बालू सोडून मुक्त. मुक्तही ‘एक टाइप’चाच आहे, सात जाड्यांत मिळतो, आणि बालूच्या शेजारी परका वाटत नाही. पत्रकाचा सगळा मजकूर बालूत लावण्याचा मोह होतो, खूप जणांनी लावलेला मी बघितलाय, पण सगळेच मोठ्याने बोलायला लागले तर कोणाचंच ऐकू येत नाही.

काळ्या-जांभळ्यासारख्या गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर छापायचं असेल तर एक जाडी कमी घ्यायची गरज नाही, उलट तीच ठेवा. तिथे शाई बाहेरून आत पसरते आणि अक्षर थोडं बारीकच होतं. रात्री मागून दिवा लावलेल्या पाटीवर मात्र उजेड फाकतो आणि पोकळ्या भरल्यासारख्या दिसतात, तिथे बोल्डवरून सेमीबोल्डवर या.

वरच्या मात्रा कापल्या

हे बहुधा वेबसाइटवर किंवा इन्स्टाग्रामच्या चौकटीत होतं. ‘विद्यार्थ्यांनी’सारख्या शब्दावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार वर चढतात, ‘उद्घाटन’मध्ये खाली उतरंड होते. त्यांना जागा हवी म्हणून बालू ओळींमध्ये बरीच मोकळी जागा सोडतो. ती जास्त वाटते म्हणून लोक लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, एकवर आणतात आणि चौकटीबाहेरचा भाग लपवतात, मग टोप्या उडतात. १.३ च्या खाली जाऊ नका, आणि मथळ्याच्या चौकटीला वर-खाली थोडं पॅडिंग द्या.

‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झाला

खास मराठीचं दुखणं हे. फॉन्टमध्ये ‘ऱ्य’ असतो, पण मजकुरातच तो हरवलेला असतो. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ, पाय मोडून, पुढे य, किंवा साधा र, पाय मोडून, त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. दुसऱ्या पद्धतीतलं ते अदृश्य चिन्ह मजकूर इकडून तिकडे चिकटवताना गळून पडू शकतं, आणि गळलं की र चा रफार होऊन य वर बसतो. मंडळाचा मजकूर व्हॉट्सॲपवरून येतो, मग एक्सेलमध्ये जातो, मग आपल्याकडे, कुठे गळला ते शोधत बसू नका. पहिली पद्धत वापरून शब्द नव्याने टाइप करा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ मिळतो.

‘ॲ’चंही असंच. ‘ॲथलेटिक्स’, ‘ॲप’ यांतला ॲ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, ते ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने बरेच जण अ काढून त्यावर चंद्र देतात. तसं केलं की काही ठिकाणी चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ कुठेही दिसलं तर समजा, अक्षरांचा क्रम किंवा जोडी चुकली आहे.

आणि ल, श. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हीच आपली रूपं, आणि नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानेही तीच वापरायला सांगितली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी रूप येतं, ‘हिंदी’ असेल तर हिंदी. म्हणून कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा एकदा बघा, आणि तरीही नाही बदललं तर फॉन्टमधले सगळे आकार दाखवणारं ग्लिफ पॅनेल उघडून हवं ते रूप आहे का ते शोधा. मुलं अक्षर गिरवायला शिकतात त्या वयाच्या फलकावर तरी मी ही काळजी घेतेच.

या सगळ्या चाचण्या एका वाक्यात बसवून मी ते जपून ठेवलंय. नवा छापणारा, नवा संगणक, नवं ॲप, काहीही नवं आलं की आधी हे वाक्य बालूत टाकून छापून घेते: ‘सकाळी दुसऱ्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या ॲथलेटिक्स स्पर्धेचे उद्घाटन हृद्य झाले, द्वितीय क्रमांकास ट्रॉफी.’ हे जसंच्या तसं आलं तर पुढचं काम निर्धास्त द्या. उचलून वापरा, हवं तर.

दुकानाची पाटी

दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान दुकानांनाही मराठी पाटी लागते आणि मराठी अक्षराचा आकार इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली, ती संपल्यावर पालिकेने मुंबईत तपासणी सुरू केली, तेव्हापासून माझ्याकडे पाट्यांचं काम वाढलंय. इथे एक फसगत होते. दोन्ही ओळींना सारखेच पॉइंट दिले की काम झालं असं वाटतं. पण बहुतेक फॉन्टांत इंग्रजीचं मोठं अक्षर देवनागरीच्या शिरोरेघेपेक्षा उंच असतं, त्यामुळे सारख्या पॉइंटातही मराठी ओळ लहान दिसते. पॉइंट मोजू नका. पट्टी घेऊन मराठीत शिरोरेघेपासून पायापर्यंतची उंची मोजा, इंग्रजीत मोठ्या अक्षराची मोजा, आणि मराठी त्याला भिडेपर्यंत वाढवा.

ॲक्रिलिकची कापीव अक्षरं करायची तर बालूसारखी गोल टोकांची अक्षरं फार सोयीची पडतात. कापणारं राउटरचं पातं स्वतः गोल असतं, त्याला आतला टोकदार कोपरा काढता येत नाही, इथे काढायचाच नसतो. धोका एकच. अनुस्वार हा सुटा तुकडा. वेल्ड केलेला शब्द एका पट्टीत येतो, टिंब वेगळं पडतं, आणि ते पिशवीच्या तळाशी राहिलं की ‘आनंद’चा ‘आनद’ होऊन भिंतीवर चढतो. चंद्रबिंदू असेल तर दोन तुकडे. मी आता पाटीवाल्यांना पूर्ण मापाचा कागदी नमुना देते, त्यावर प्रत्येक टिंबाची जागा पेनाने गोल करते आणि कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिते: टिंबं तीन, चंद्र एक. ते पाटी चढवायच्या आधी मोजून घेतात.